आई-बाबांच्या लग्नाची पन्नास वर्षं आणि चर्चगेटचं जुनं हॉटेल: मोठ्या जेवणाचा बेत कसा आखावा

बाबांची नोकरी चर्चगेटला, एका विमा कार्यालयात. डबा खाऊन झाला की ते वीर नरिमन रोडवरून मरीन ड्राइव्हपर्यंत चक्कर मारून यायचे. वाटेत 'गेलॉर्ड' हे जुनं हॉटेल लागायचं. बत्तीस वर्षं ते त्याच्या दारावरून गेले, आत पाऊल ठेवलं नाही. "आपलं काय काम तिथे," एवढंच म्हणायचे. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं, जेवण तिथेच.

घरात असा मोठा प्रसंग आला की बहुतेक जण हॉल घेतात आणि बुफे लावतात. माझं मत वेगळं आहे. बारा-पंधरा माणसं असतील तर शहरातल्या एखाद्या जुन्या, मानाच्या हॉटेलात बसून, वाढून घेत, सावकाश जेवावं. पण तिथे यजमानाचं काम आधी करून ठेवावं लागतं. त्या रात्री तुम्ही मेनू चाळत, माणसं मोजत, हात वर करून वेटरला बोलावत राहिलात, तर ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याशी चार शब्दही होत नाहीत. म्हणून हा लेख त्या रात्रीपेक्षा आधीच्या तीन आठवड्यांबद्दल जास्त आहे.

तारीख: आधी कालनिर्णय बघा

पहिलं काम फोन करण्याचं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघण्याचं आहे. संकष्टी आली तर उपास करणारी मंडळी चंद्रोदयापर्यंत जेवणार नाहीत, आणि चंद्रोदय बहुधा रात्री नऊच्या आगेमागे असतो. एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, कुणाचा मंगळवार, कुणाचा शनिवार, हे आधीच विचारून घ्या. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या हॉटेलात वहिनीच्या बढतीचं जेवण ठेवलं होतं. संकष्टी आहे हे माझ्या लक्षात राहिलं नाही. माझी आत्या सव्वादोन तास लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून सगळ्यांची जेवणं बघत बसली. एक शब्द बोलली नाही, आणि त्याचंच मला आजही वाईट वाटतं.

घरात कुणी मद्य घेणारे असतील तर ड्राय डेही तपासा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास.

वाढदिवस नेमका शनिवारी किंवा रविवारी आला नसेल तर तो ओढून शनिवार-रविवारवर आणू नका. मंगळवार-बुधवारी याच हॉटेलात निवांतपणा असतो, कॅप्टनला तुमच्याकडे बघायला वेळ असतो आणि हवी ती जागा मिळते. मुलांची शाळा दुसऱ्या दिवशी असेल तर अर्धा तास लवकर जेवायला बसा.

जागा निवडताना

जुनं असणं हा एकटाच गुण पुरत नाही. ज्यांचा सोहळा आहे त्यांच्या आयुष्याशी त्या जागेचा काही धागा जुळायला हवा. बाबांसाठी तो रस्ताच धागा होता. कुणाच्या घरी तो काळा घोड्याचं 'खैबर' असेल, १९५८ सालचं. पुण्यातल्या एखाद्या घरी कॅम्पातलं 'दोराबजी' असेल, १८७८ पासून चालू असलेलं. दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी कनॉट प्लेसचं १९४२ सालचं 'युनायटेड कॉफी हाउस' आणि कोलकात्यात असाल तर पार्क स्ट्रीटचं 'मोकॅम्बो', तेही १९५६ चं. प्रत्येक शहरात एखादं असतंच.

'गेलॉर्ड'ची गोष्ट मी बाबांना जेवताना सांगितली. अशी गोष्ट आधी माहीत करून घ्या, टेबलावर फार उपयोगी पडते. पिशोरीलाल लांबा आणि इक्बालसिंग घई यांनी दिल्लीत १९४० साली 'क्वालिटी' सुरू केलं आणि मुंबईचं 'गेलॉर्ड' उघडलं १९५६ मध्ये. त्या काळी या रस्त्याला चर्चगेट स्ट्रीट म्हणत आणि संध्याकाळी इथे दारोदारी बँड वाजत. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. जवळच्याच अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ख्रिस पेरी यांचा बँड होता आणि त्यांच्याबरोबर गायला लॉर्ना. कोकणी गाण्यांमुळे पुढे घराघरांत पोचलेला तो आवाज या रस्त्यावर रोज ऐकू यायचा. तेव्हा मुंबईत दारूबंदी होती, म्हणून पुष्कळ लोक चहा-कॉफीच्या कपावर ते जाझ ऐकत बसत. शंकर-जयकिशन जोडीतल्या जयकिशन यांची 'गेलॉर्ड'मध्ये ठरलेली जागा होती. १९७१ साली ते गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर त्यांच्या नावाने राखीवची पाटी ठेवल्याची आठवण जुने मुंबईकर आजही सांगतात. बाबा शंकर-जयकिशनचे भक्त. पुढची दहा मिनिटं ते "कुठलं टेबल असेल रे?" म्हणून चहूकडे बघत होते.

एकदा स्वतः जाऊन या

फोनवर टेबल राखून ठेवण्याआधी दुपारी तीन-चारच्या सुमाराला, गर्दी नसताना, एकदा जाऊन कॉफी घ्या. मेनूकार्ड तेव्हा बघायचंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या गोष्टी डोळ्यांनी बघून ठेवायच्या.

दारापाशी पायऱ्या किती आहेत, कठडा आहे का? व्हीलचेअर आत जाईल का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे की जिना चढून? जुन्या इमारतींत ही अडचण हमखास असते आणि मेनूच्या आधी याचं उत्तर मिळायला हवं. एसीचा झोत नेमका कुठल्या खुर्च्यांवर येतो ते बघा. आमच्या आईला मानेवर गार हवा सोसत नाही, म्हणून तिची बाजू मी त्याच दिवशी ठरवली आणि घरी गेल्यावर पिशवीत एक शाल टाकून ठेवली. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळची आणि संगीताच्या स्पीकरखालची जागा नको म्हणून सांगा. श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला भांड्यांचा खणखणाट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतो.

त्याच भेटीत मॅनेजरशी किंवा कॅप्टनशी ओळख करून घ्या. टेबलावर येऊन ऑर्डर घेतो तो कॅप्टन, ताटं आणतो-वाढतो तो स्टीवर्ड. जुन्या हॉटेलात यातले कित्येक जण वीस-पंचवीस वर्षं तिथेच असतात. त्यांना नावाने ओळखा आणि कारण सरळ सांगा: "आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, चौदा माणसं आहोत, त्यातले चार जण सत्तरीच्या पुढचे." एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस स्वतःहून सुचवायला लागतो. मला तिथल्या कॅप्टननी विचारलं, "साहेबांना दात कसे आहेत?" हा प्रश्न मला सुचला नसता.

बसायचं कसं

चौदा माणसांसाठी तीन-चार टेबलं जोडून लांब टेबल लावतात. अशा टेबलावर उत्सवमूर्तींना टोकाच्या खुर्चीवर बसवण्याची पद्धत आहे. ती मोडा. टोकाला बसलेल्या माणसाला फक्त शेजारचे दोघे ऐकू येतात. आई-बाबांना लांब बाजूच्या बरोबर मध्यभागी, भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे सगळी पंगत त्यांच्यासमोर येते आणि येणारा-जाणारा वेटर मागून धक्का देत नाही. त्यांच्यासमोर त्यांच्या पिढीची माणसं: आत्या, काका, मामी. लहान मुलं एका टोकाला, पण त्यांच्यात एक मोठं माणूस हवंच. यजमान म्हणून तुम्ही दुसऱ्या टोकाला, कॅप्टनला तुमच्याशी खालच्या आवाजात बोलता येईल अशा जागी.

मोठ्या अक्षरांत नावं लिहून छोटी कार्डं ठेवली तर "तू इकडे बस, नाही तू तिकडे" हा दहा मिनिटांचा गोंधळ वाचतो.

मेनू: खरी मेहनत इथे

चौदा जणांनी चौदा मेनूकार्डं उघडली की अर्धा तास गेला म्हणून समजा. शिवाय घरातली ज्येष्ठ माणसं उजवीकडचे आकडे आधी वाचतात आणि मग "मला फक्त सूप पुरे" म्हणतात. म्हणून जेवण आधी ठरवून ठेवा, दोन दिवस आधी कॅप्टनला लिहून द्या आणि त्या रात्री टेबलावर फक्त दोनच मेनूकार्डं ठेवायला सांगा. एखाद-दुसरा पदार्थ उत्सवमूर्तींना निवडू द्यावा, त्यात आनंद असतो.

ठरवताना पहिला नियम: हे स्वयंपाकघर कित्येक वर्षं जे करत आलं आहे तेच मागवा. जुन्या हॉटेलांचे मेनू काळाबरोबर लांबत जातात, शेवटच्या पानांवर पास्ता येतो, थाई करी येते. तिकडे जाऊ नका. उत्तर हिंदुस्थानी तंदूर आणि जुन्या वळणाचं काँटिनेंटल हे चर्चगेटच्या या पिढीच्या हॉटेलांचं बळ आहे. कॅप्टनला "इथे काय चांगलं आहे?" असं विचारू नका, त्याला सगळंच चांगलं म्हणावं लागतं. "तुमचे जुने गिऱ्हाईक आले की काय मागवतात?" असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

दुसरा नियम ग्रेव्हीच्या रंगाचा. बटर चिकन, पनीर मखनी आणि दाल मखनी एकाच वेळी मागवली तर तीन वाडग्यांत जवळपास एकच चव येते, टोमॅटो आणि लोण्याची. एक तांबडी घेतली की दुसरी तपकिरी घ्या, रोगन जोशसारखी. तिसरी हिरवी, पालकाची. चौथी पांढरी, कोर्म्याच्या वळणाची. आणि निदान एक भाजी सुकी हवी, भेंडी किंवा जिरा आलू. काँटिनेंटलमध्येही हेच. चीज आणि व्हाइट सॉस घालून भाजलेले पदार्थ हे या हॉटेलांचं वैशिष्ट्य खरं, पण एका टेबलावर असा एकच पदार्थ पुरतो. मुलांसाठी आणि तिखट न चालणाऱ्यांसाठी तो उत्तम. वरचा थर निवला तरी आतला सॉस बराच वेळ कढत राहतो, तेव्हा मुलांना वाढताना फोडून ठेवा.

चिकन कीव्ह मागवलंत तर खाणाऱ्याला एक सांगा: आत वितळलेलं लोणी असतं. आधी काट्याने एक लहान भोक पाडायचं आणि मग सुरी चालवायची, नाहीतर लोण्याची पिचकारी थेट साडीवर येते.

राण, म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी, हा सोहळ्याचा पदार्थ. ती टेबलावर येते तेव्हा सगळे बोलायचे थांबतात. पण ती मुरायला आणि मऊ शिजायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. ज्यांचे दात अशक्त आहेत त्यांना टंगडी किंवा टिक्क्यापेक्षा शीख कबाब, रेशमी किंवा मलई कबाब सोपे जातात. माशात अख्खं तंदुरी पापलेट बरं, मधला काटा एकदा काढला की म्हाताऱ्यांना आणि मुलांना निर्धास्त वाढता येतं. तो काटा स्टीवर्डकडूनच काढून घ्या, त्यांचा हात त्यात सराईत असतो.

शाकाहारी मंडळींबद्दल जरा थांबून सांगते. पुष्कळ हॉटेलांत नान आणि चिकन एकाच तंदुरात भाजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी तव्यावरची रोटी किंवा भात मिळेल का, हे आधी विचारा, टेबलावर बसल्यावर नको. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर एक दिवस आधी कळवणं फार गरजेचं आहे, कारण मूळ ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत आधीच तयार करून ठेवलेल्या असतात आणि त्यांत कांदा-लसूण असतोच. आयत्या वेळी सांगितलं तर त्या माणसाच्या वाट्याला उकडलेल्या भाज्या येतात, आणि मेजवानीत कुणाच्याही वाट्याला तशी वेळ येऊ नये.

आता हिशेब. आम्ही चौदा जणांसाठी असं मागवलं: सात सूप, वन बाय टू करून, स्टार्टरच्या सहा प्लेटा, तीन शाकाहारी आणि तीन मांसाहारी, मुख्य जेवणात सहा वाडगे, एक भाजलेला काँटिनेंटल पदार्थ, बिर्याणी आणि साधा भात. एका प्लेटमध्ये तुकडे किती येतात हे विचारून घ्या. सहाच येत असतील तर चौदा जणांना तीन प्लेटा लागतात, नाहीतर शेवटचा तुकडा कुणीच उचलत नाही. रोट्या एकदम मागवू नका. आठ-आठच्या तुकड्यांनी मागवा, तंदुरी रोटी पाच मिनिटांत चामट होते. गोडाचं दोघांत एक पुरतं. जुन्या ठिकाणी कॅरॅमल कस्टर्ड असेल तर तेच घ्या.

मद्य आणि केक

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ ची आहे, कॉलेजातल्या भाच्यांना हे आधीच सांगून ठेवा. स्वतःची वाइन न्यायची असेल तर परवानगी आणि कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचा आकार, दोन्ही विचारा.

केक बाहेरून आणलेला चालतो का, हेही आधी. 'गेलॉर्ड'ला स्वतःची बेकरी आहे, त्यामुळे आमचा प्रश्न तिथेच सुटला. केक मोठा नको, जेवणानंतर कुणाच्या पोटात जागा नसते. तो कापायचा असेल तर स्टार्टरच्या आधी कापा. फटाक्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती आणि स्पीकरवरचं वाढदिवसाचं गाणं नको म्हणून स्पष्ट सांगा. शेजारच्या टेबलांवरही कुणाची तरी संध्याकाळ चालू असते. आम्ही आईला फक्त मोगऱ्याचा गजरा दिला आणि बाबांनी तो तिच्या केसांत माळला. पलीकडच्या टेबलावरच्या एका पारशी आजींनी हळूच टाळ्या वाजवल्या.

पैशांची व्यवस्था

मेनूवरून अंदाज आधीच काढा. समजा माणशी २,००० रुपये धरले तर चौदा जणांचे २८,००० होतात, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १,४००. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के लागतो. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट लागतो आणि तो बिलात वेगळा दिसतो.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिलात आपोआप लावलेला असेल तर शांतपणे काढायला सांगा. पण ते पैसे वाचवायला नाही, आपल्या हाताने द्यायला. मी टिप रोख, पाकिटात घालून नेली होती. पाकीट कॅप्टनच्या हातात देताना "आतल्या मंडळींनाही द्या" म्हणाले, कारण तंदुराशी उभा असलेला माणूस आपल्याला कधी दिसतच नाही.

बिल टेबलावर येऊ देऊ नका. आपल्याकडे बिल आलं की जावई, काका आणि मामा तिघेही हात घालतात आणि पाच मिनिटं ओढाताण होते. शिवाय बाबांनी आकडा बघितला की त्यांना जेवण जड जातं. आल्याबरोबर कॅप्टनला कार्ड देऊन ठेवा, किंवा गोड आल्यावर काउंटरशी जाऊन पैसे भरून या. भावंडांनी आपसात वाटणी करायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी, फोनवर.

ती संध्याकाळ

तुम्ही पंचवीस मिनिटं आधी पोचा. कार्डं मांडा, मेनूची यादी कॅप्टनबरोबर एकदा वाचा, तिखट कुणाला नको ते पुन्हा सांगा. ज्येष्ठांची गाडी साडेसातला दाराशी येईल असं बघा. नऊनंतर स्वयंपाकघरावर ताण येतो, त्यामुळे तोपर्यंत स्टार्टर संपलेले असावेत. मुख्य जेवण "आता आणा" म्हटल्यावरच आणायचं, हे कॅप्टनला सांगून ठेवा. दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवा. आमच्याकडे गप्पा खऱ्या अर्थाने त्याच वीस मिनिटांत झाल्या: काकांनी लग्नातल्या वरातीची गोष्ट सांगितली आणि आईने ती दुरुस्त केली.

फोटो जेवणाआधीच काढून घ्या. स्टीवर्डला फोन देऊन सगळ्यांचा एक फोटो, तेवढा पुरे.

आग्रह करायचाच, पण फक्त गोडाचा. उरलेलं अन्न बांधून घ्या, दाल आणि बिर्याणी दुसऱ्या दिवशी छान लागते. निघताना दाराजवळच्या काउंटरवरून घरी राहिलेल्यांसाठी काहीतरी घ्या. आमची शेजारीण त्या रात्री आईच्या मांजरीला सांभाळत होती, तिच्यासाठी पेस्ट्री घेतली.

टॅक्सी मात्र लगेच बोलावू नका. वीर नरिमन रोड सरळ समुद्राला जाऊन मिळतो, पाचेक मिनिटांची वाट आहे आणि फूटपाथ सपाट आहे. जेवण जड झालेलं असतं, ज्यांना चालवतं त्यांना घेऊन कट्ट्यापर्यंत जा आणि गाडी मरीन ड्राइव्हवरच बोलवा. बाबा पुढे झाले, त्यांच्या पायांना तो रस्ता पाठ होता. समुद्राजवळ वारा असतो, फेब्रुवारीत तो चांगलाच बोचतो. एसीसाठी आणलेली आईची शाल तिथे कामाला आली.